गाडीचा सेल्फ नुसता ‘टक्’ करतोय? मग हा सेल्फ बनवणाऱ्या माणसाची गोष्ट वाचाच

जुलैमधली सकाळ. कोल्हापुरात चार दिवस पावसाने उघडीप दिलेली नाही आणि गाडी दारात तशीच उभी आहे. ऑफिसला उशीर होतोय म्हणून चावी फिरवली, तर डॅशबोर्डवरचे दिवे लागले, बॉनेटखालून ‘टक्’ असा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. शेजारचा येतो, बॅटरी गेली म्हणतो. दुसरा येतो, सेल्फ गेला म्हणतो. तिसरा कुणाचं ऐकत नाही, धक्का मारूया म्हणत बाह्या सरसावतो.

तिघांपैकी बरोबर कोण, हे बऱ्याच वेळा त्या आवाजावरूनच कळतं. त्यासाठी सेल्फ मुळात कसा सुचला हे माहीत असलेलं बरं. आपल्याकडे शिवाजी उद्यमनगरात काय किंवा कुठल्याही गावच्या स्टँडजवळ काय, ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानावर ‘सेल्फ-डायनामो’ अशी पाटी दिसते. हे दोन शब्द असे जोडीने आले त्यामागे एक माणूस आहे. त्याचं नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल नावाचं गाव आहे, त्याच्याजवळच्या एका शेतावर ते वाढले. घरची परिस्थिती शेतकऱ्याची असते तशीच. पोरगा हुशार, पण डोळे जन्माचे अधू. थोडं वाचलं की डोकं दुखायला लागायचं. आधी त्यांनी गावच्या शाळेत मास्तरकी केली, मग इंजिनिअर व्हायचं म्हणून ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत नाव घातलं. डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्धवट सोडावं लागलं.

मग पोटासाठी टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या टोळीत ते लागले. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. उघड्या हवेतल्या त्या कामाने डोळ्यांना आराम मिळाला आणि तारांमधून वीज कशी वागते याचं शिक्षण फुकटात झालं. पुन्हा कॉलेजला जाऊन १९०४ साली ते इंजिनिअर झाले, तेव्हा वय २८ ला टेकलेलं. बरोबरीची पोरं तोवर नोकरीत मुरली होती.

पहिली नोकरी लागली डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. ही कंपनी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवायची. आकडे दाबायचे, मग बाजूचं हँडल फिरवायचं, की खणकन घंटी वाजून खण उघडायचा. केटरिंग यांना काम मिळालं ते हे हँडल काढून तिथे विजेची मोटर बसवायचं.

आता अडचण अशी की दिवसभर न थांबता चालेल अशी मोटर घ्यावी तर ती गल्ल्याच्या यंत्राएवढीच मोठी होणार. केटरिंग यांनी वेगळा विचार केला. गल्ल्याची मोटर दिवसभर चालते कुठे? गिऱ्हाईक आलं की ती क्षणभर फिरते आणि पुन्हा गप्प बसते. मग तिच्यावर त्या क्षणापुरता भरमसाट भार टाकला तर काय बिघडलं? ती तापायच्या आत काम संपलेलं असेल. छोटी मोटर, मोठा झटका, मग विश्रांती. १९०६ च्या सुमारास विजेवरचा गल्ला तयार झाला. हे सूत्र त्यांनी पुढे गाडीला लावलं आणि आज आपल्या गाडीतला सेल्फही त्याच्यावरच चालतो.

त्या काळात मोटार सुरू करणं हे पैलवानाचं काम होतं. पुढून हँडल घालायचं आणि जोर लावून इंजिन फिरवायचं. ॲम्बेसेडर, जुनी फिएट किंवा जीप ज्यांनी वापरली आहे त्यांना हे हँडल आठवत असेल. ठिणगीची वेळ जराशी चुकली, पिस्टन वर पोचायच्या आधीच पेट्रोलने पेट घेतला, की इंजिन उलटं फिरायचं आणि हँडल हाताला असा तडाखा द्यायचं की मनगट मोडायचं. म्हणून तर जुने ड्रायव्हर शिकवायचे की हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा पलीकडून वळवायचा नाही.

याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. बायरन कार्टर नावाचे मोटार बनवणारे एक गृहस्थ कुणाची तरी बंद पडलेली गाडी सुरू करून द्यायला गेले, हँडल उलटं बसलं आणि त्या दुखण्यातच ते गेले. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड त्यांचे मित्र. त्यांनी चिडून हँडल कायमचं घालवायचं ठरवलं आणि केटरिंग यांना गाठलं. गोष्ट छान आहे, पण कार्टर वारले १९०८ मध्ये आणि सेल्फचं काम सुरू झालं त्यानंतर दोनेक वर्षांनी. त्यामुळे ती थोडं मीठ लावूनच ऐकावी. हँडलने हात मोडत होते आणि लेलँड यांना ते थांबवायचं होतं, एवढं मात्र खरं.

केटरिंग यांनी तोवर नोकरी सोडलेली होती. कॅश रजिस्टर कंपनीतलेच एडवर्ड डीड्स हे त्यांचे भागीदार. या डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात कंपनीतली काही पोरं नोकरी सांभाळून रात्री आणि सुटीच्या दिवशी जमायची, खाटखूट करत बसायची. आधी त्यांनी गाडीची ठिणगी पाडायची नवी पद्धत बनवली आणि ती कॅडिलॅकने घेतली. कॉइल, पॉइंट, डिस्ट्रिब्युटर ही आपल्या जुन्या गाड्यांतली मंडळी त्याच घराण्यातली. इलेक्ट्रॉनिक इग्निशन येईपर्यंत जगभर हीच पद्धत चालली. १९०९ साली कोठारातल्या या उद्योगाला कंपनीचं रूप आलं. डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, तिचं आखूड नाव डेल्को.

सेल्फची कल्पना ऐकून जाणकारांनी मान हलवली. त्यांचं गणित सरळ होतं. एवढं जड इंजिन फिरवायचं तर मोटर जवळपास इंजिनाएवढीच लागणार, आणि तिला वीज पुरवणारी बॅटरी ठेवायला मागे छकडा जोडावा लागेल. केटरिंग यांना गल्ला आठवत होता. इंजिन एकदा पेटलं की मोटरचं काम संपलं, म्हणजे सगळा मामला दोन-चार सेकंदांचा. छोटी मोटर, मध्ये दात्यांची गुंफण घालून जोर वाढवलेला आणि बॅटरीतून क्षणभर ओढलेला प्रचंड करंट. वर आणखी एक युक्ती अशी, की इंजिन सुरू झालं की तीच मोटर उलटी कामाला लागायची, इंजिन तिला फिरवायचं आणि ती वीज तयार करून बॅटरी भरायची. सेल्फही तीच, डायनामोही तीच! दुकानाच्या पाटीवरचे ते दोन शब्द सुरुवातीला एकाच डब्यात नांदत होते.

फेब्रुवारी १९११ मध्ये पहिला सेल्फ कॅडिलॅकच्या गाडीवर बसवून लेलँड यांना दाखवला गेला आणि १९१२ च्या मॉडेलपासून कॅडिलॅक गाड्या त्यासकट विकायला आल्या. अडचण एवढीच की डेल्कोकडे तेव्हा कारखाना म्हणावा असा नव्हताच. कोठारातल्या मंडळींना रातोरात कारखानदार व्हावं लागलं. या सोयीबद्दल कॅडिलॅकला इंग्लंडची मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. केटरिंग यांचं पेटंट मंजूर व्हायला मात्र ऑगस्ट १९१५ उजाडला.

सेल्फमुळे बायका गाडी चालवायला लागल्या असं सरसकट लिहिलं जातं. हे अर्धंच खरं आहे. बायका आधीही गाड्या चालवत होत्या, फक्त विजेवरच्या. हँडल नको, धूर नको, म्हणून शहरात त्या गाड्यांना मागणी होती. पेट्रोल गाड्यांचे बादशहा हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा यासुद्धा विजेची गाडी वापरायच्या, यात सगळं आलं. हँडल गेलं आणि विजेच्या गाडीचा सगळ्यात मोठा फायदाच संपला. पेट्रोल गाडीतल्या एका छोट्या विजेच्या मोटरने विजेच्या गाड्या बाजारातून घालवल्या. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला सेल्फ मिळायला १९१९ उजाडलं, तोही जादा पैसे मोजून.

आता आपल्या दारातल्या गाडीकडे येऊ.

केटरिंग यांच्या सुरुवातीच्या गाड्यांत मोटरचे दाते इंजिनाच्या दात्यांत बसवायला ड्रायव्हरला पाय वापरावा लागायचा. पुढे व्हिन्सेंट बेंडिक्स यांनी दाते आपोआप पुढे सरकतील अशी रचना आणली. आपले मेकॅनिक आजही त्या भागाला ‘बेंडिक्स’च म्हणतात. नंतर सोलेनॉइड आला. चावी फिरवली की बारीक करंट सोलेनॉइडला जातो, त्यातला लोखंडी दांडा खेचला जातो, दाते पुढे ढकलतो आणि मागच्या टोकाला तांब्याचे दोन जाड संपर्क जोडतो. त्या संपर्कांतून खरा मोठा करंट मोटरला जातो. आपण ऐकतो तो ‘टक्’ म्हणजे हा दांडा आपटल्याचा आवाज.

म्हणजे ‘टक्’ आला ही तशी चांगली खबर आहे. चावी ठीक, चोरी रोखणारं लॉक ठीक, सोलेनॉइडपर्यंत वीज पोचतेय. अडलंय ते त्याच्या पुढे, मोठ्या करंटच्या वाटेवर.

‘टक टक टक टक’ असा मशिनगनसारखा आवाज येत असेल तर पहिला संशय बॅटरीवर. दांडा खेचण्यापुरती ताकद तिच्यात आहे, पण मोटरने करंट मागितला की ती बसते, व्होल्टेज पडतं, दांडा सुटतो. मोटर सुटली की व्होल्टेज पुन्हा वर, दांडा पुन्हा खेचला जातो. हे चक्र सेकंदात कितीतरी वेळा फिरतं. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेली असेल तर ती जवळपास रिकामी आहे असं समजा.

पण नवी बॅटरी आणायला पळण्याआधी टर्मिनल बघा. त्यावर पांढरी-हिरवी भुकटी साठली असेल, क्लँप हाताने हलत असेल, तर दोष तिथेही असू शकतो. साध्या कारचा सेल्फ दीडशे अँपिअर तरी ओढतो. टर्मिनलवर फक्त ०.०२ ओहम अडथळा असला तर तिथेच ३ व्होल्ट गायब होतात. दिव्यांना थोडाच करंट लागतो, त्यांना या अडथळ्याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच दिवे झकास लागतात आणि सेल्फ मात्र फिरत नाही. निगेटिव्ह केबल बॉडीला आणि इंजिनाला जिथे जोडलेली असते तिथला गंजही असाच छळतो, आणि कोल्हापूरच्या पावसात गंजाला काय तोटा! गरम पाण्यात खायचा सोडा घालून टर्मिनल धुवा, पुसून कोरडी करा आणि घट्ट आवळा. मात्र काढताना आधी निगेटिव्ह काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची.

एकच जोरकस ‘टक्’ येत असेल तर हेडलाइट लावून चावी फिरवा. प्रकाश जराही कमी झाला नाही, तर करंट मोटरपर्यंत जातच नाहीये. सोलेनॉइडचे संपर्क जळालेत किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, अशा वेळी दुसऱ्याने चावी फिरवत असताना सेल्फच्या अंगावर पान्याने हलकेच ठोकलं तर झिजलेले ब्रश कधीकधी टेकतात आणि गाडी सुरू होते. ही युक्ती गॅरेजपर्यंत पोचण्यापुरती, रोजची नव्हे. उलट, ‘टक्’ झाल्यावर दिवे एकदम मावळले आणि बॅटरी तर चांगली आहे, तर मोटर किंवा खुद्द इंजिन अडकलेलं असू शकतं.

इथे कोल्हापूर-सांगलीकरांनी विशेष जपायला हवं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाणी इंजिनाच्या सिलिंडरमध्ये शिरलं असेल तर पिस्टन वर येऊच शकत नाही, कारण हवेसारखं पाणी दाबलं जात नाही. सेल्फ एकच ‘टक्’ करून थांबतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा सेल्फ मारला आणि इंजिन कसंबसं फिरलंच, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शे-पाचशेचं काम इंजिन उतरवण्यावर जातं. पुरात बुडालेल्या गाडीला चावी लावायचीच नाही. बॅटरी काढायची आणि गाडी टो करून न्यायची.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायचं असेल तर आधी पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडा. मग चांगल्या बॅटरीची निगेटिव्ह, आणि त्या वायरचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते, म्हणून ही काळजी. धक्का मारण्याचा पर्याय फक्त हाताने गिअर टाकायच्या गाड्यांना. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारणं म्हणजे नुसता व्यायाम.

आणि सेल्फ सलग पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. तो क्षणभराच्या कामासाठीच बनलाय, गल्ल्याच्या त्या मोटरसारखा. ताणून मारला की आतलं वाइंडिंग जळतं.

केटरिंग यांची पुढची गोष्ट इतकी सरळ नाही.

डेल्को १९१६ मध्ये विकली गेली आणि पुढे जनरल मोटर्समध्ये आली. १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग या कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. गाड्यांचा रंग वाळायला आठवडे लागायचे, तो काही तासांत वाळायला लागला. आगगाडीसाठी टू-स्ट्रोक डिझेल इंजिन तयार झालं. भारतीय रेल्वेचं डब्ल्यूडीपी-४ इंजिन त्याच वंशातलं. मोठं अपयशही आलं. पाण्याऐवजी तांब्याच्या पात्यांनी थंड होणाऱ्या इंजिनाचा त्यांनी ध्यास घेतला होता. १९२३ साली तशा शेव्हर्ले गाड्या बनल्या जेमतेम ७५९, आणि बाहेर गेलेल्या परत मागवाव्या लागल्या. केटरिंग राजीनामा द्यायला निघाले होते.

पण खरा डाग वेगळाच, आणि तो सेल्फच्याच घरातून आला. नव्या गाड्यांची इंजिनं चढावर खटखट वाजायची. लोकांनी दोष दिला केटरिंग यांच्या बॅटरी-इग्निशनला. आपल्यावरचा आळ दूर करायला त्यांनी शोध सुरू केला आणि कळलं की दोष पेट्रोलचा आहे. ते सिलिंडरमध्ये वेळेआधी भडकतं. त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये उपाय सापडला, तो म्हणजे पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग. १९२३ साली डेटनमध्येच ते पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. ते बाजारात आणणाऱ्या कंपनीचे पहिले अध्यक्ष होते केटरिंग.

शिसं विषारी असतं हे तेव्हाही गुपित नव्हतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे संयुग बनवताना पाच कामगार दगावले आणि कित्येक जणांना भ्रम झाला. तरी धंदा थांबला नाही. पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या धुरातून शिसं सोडत राहिल्या आणि त्याचा सगळ्यात वाईट परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर झाला. भारतात शिशाचं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं, आणि अल्जीरियात ते शेवटचं विकलं गेलं २०२१ मध्ये.

पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलं तरी खटखट थांबते, हे केटरिंग आणि मिजली यांना चांगलं ठाऊक होतं. शिसं चिमूटभर पुरायचं, त्याचं पेटंट घेता यायचं. अल्कोहोल बरंच मिसळावं लागायचं आणि ते कुणालाही बनवता यायचं. कोल्हापूर जिल्ह्यातले साखर कारखाने आज जे इथेनॉल बनवतात आणि आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत जे मिसळलं जातं, ते हेच. माणसं हँडलने जखमी होऊ नयेत म्हणून झटलेल्या इंजिनिअरला हा पर्याय दिसत होता आणि तरी त्याने शिसं निवडलं, हे सोयीने विसरता येत नाही. फ्रीजमधला फ्रीऑन वायूही त्यांच्याच देखरेखीखाली निघाला आणि ओझोनच्या थराला महागात पडला. पण तो धोका तेव्हा कुणाच्याच लक्षात आला नव्हता, शिशाचा आला होता.

पैसा त्यांनी अमाप मिळवला आणि बराचसा वाटलाही. न्यूयॉर्कमध्ये १९४५ साली स्थापन झालेल्या कर्करोग संशोधन संस्थेला स्लोन यांच्याबरोबर त्यांचं नाव आहे. झाडाचं पान सूर्यप्रकाशातून अन्न कसं बनवतं या संशोधनासाठी ते स्वतःच्या खिशातून वर्षानुवर्षं खर्च करत राहिले. डेटनच्या शेजारच्या एका गावाने तर ते हयात असतानाच स्वतःचं नाव केटरिंग ठेवून घेतलं. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी ते वारले.

गाड्यांतली सेल्फ आणि डायनामोची त्यांनी लावलेली जोडी मध्यंतरी फुटली होती. वीज बनवायला वेगळा डायनामो आला, मग अल्टरनेटर. आता ती पुन्हा जमायला लागलीय. आपल्या रस्त्यांवरच्या माइल्ड हायब्रिड गाड्यांत बेल्टने जोडलेलं एकच यंत्र वीजही बनवतं आणि सिग्नलला बंद झालेलं इंजिन परत फिरवतंही. त्यात दाते पुढे ढकलायचे नसतात, त्यामुळे सिग्नल सुटल्यावर गाडी सुरू होते तेव्हा तो ‘टक्’ ऐकूच येत नाही.